बंद केलेली खिडकी

झाशीत राहून मोबाईलची ॲप्स बनवते असं सांगितलं, की पुण्याचे नातेवाईक हळूच विचारतात, "तिथं असतं का असं काम?" असतं. आणि डोकं फिरावं असंही त्यात पुष्कळ असतं.

बाबा जळगावकडचे. इथल्या सरकारी कारखान्यात ट्रान्सफॉर्मर तपासण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. आम्ही कारखान्याच्या वसाहतीत वाढलो. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, भाजीवाल्याशी बुंदेली. माझं मराठी अजूनही मधेच घसरतं. इंजिनिअरिंग इथंच केलं, मग दोन वर्षं पुण्यात नोकरी. तिथं एका मोठ्या ॲपमधलं एकच पान माझ्याकडे होतं. ते कोण वापरतं, कुठं बसून वापरतं, मला कधी कळलं नाही. आईच्या गुडघ्यांचं निमित्त झालं आणि मी परत आले.

सदर बाजारात, फौजी वर्दी शिवणाऱ्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर एक छोटी कंपनी होती, तिथं लागले. आम्ही सहा जण. मालकांना सगळे भैयाजी म्हणत. माझं पहिलं काम शहराबाहेरच्या बिजौलीतल्या एका कारखान्याच्या गोदामाचं होतं. आला माल, गेला माल, यांची नोंद. मी ऐटीत ॲप बनवून दिलं. आठवड्यातच तक्रार आली म्हणून जाऊन बघते तर कामगार तेलकट बोटांनी स्क्रीन बडवतायत आणि वर लाल अक्षरांत एकच शब्द: 'अमान्य'. काय अमान्य, कशामुळे, काही नाही. तिथले एक वयस्कर मिस्त्री मला म्हणाले, "बिटिया, मना करना है तो करो, पर वजह तो बताओ."

मला भयंकर लाज वाटली. तेव्हापासून माझी कोड लिहायची रीतच उलटी झाली. सगळं सुरळीत झालं तर काय दिसेल, हे मी शेवटी लिहिते. आधी लिहिते ते हे, की अडलं तर समोरच्या माणसानं काय करायचं. बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "मग आम्ही काय करत होतो? ट्रान्सफॉर्मर कुठं दगा देईल, तेच शोधायचो."

मग शहरातल्या डोळ्यांच्या एका खासगी इस्पितळाचं काम आलं. दलाल पहाटेपासून रांग अडवून बसायचे, म्हणून नंबर मोबाईलवरून द्यायचे होते. मी तीन सकाळी तिथल्या बाकावर बसून काढल्या. येणारे निम्मे लोक खेड्यांतले. कुणाकडे साधा फोन, कुणाकडे तोही नाही. म्हणून मी दोन स्क्रीन केले. एक पेशंटच्या मोबाईलसाठी, दुसरा नोंदणीच्या खिडकीवरच्या बाईंसाठी. त्यांनी नाव, गाव, वय लिहायचं, चिठ्ठी छापायची, झालं. फोनची गरजच नाही. माझ्या आजवरच्या कामात तो दुसरा स्क्रीन मला सगळ्यात आवडता होता.

दोनेक महिन्यांनी इस्पितळाच्या मॅनेजरचा फोन आला. "मैडम, गाँव के मरीज़ कम हो गए हैं. ऐप धीमा तो नहीं चल रहा?"

दुसऱ्या दिवशी सकाळीच स्कूटी काढली आणि गेले. खिडकीला आतून प्लायवूड ठोकलेलं. त्यावर ॲप उतरवून घेण्याचा चौकोनी कोड चिकटवलेला. पायऱ्यांवर दहा-बारा माणसं बसून होती. एक म्हातारी, एका डोळ्यावर हिरवी पट्टी, शेजारी तिची सून. पहिल्या बसनं एरच गावाहून आल्या होत्या. सून रखवालदाराला विनवत होती आणि तो म्हणत होता, "माताजी, ऐप नहीं मान रहा, हम क्या करें?"

मी सुनेला विचारलं, काय झालं? घरातला एकच फोन, तो नवरा सुरतेला घेऊन गेलेला. ऑपरेशनच्या वेळी त्याचाच नंबर लिहून घेतला होता. आता प्रत्येक वेळी ओटीपी सुरतेला जाणार आणि तो गिरणीत मशीनवर उभा, फोन कपाटात. "परसों भी आए थे," ती म्हणाली, "ऐसेई लौट गए."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. ॲप नहीं मान रहा! ॲपला काय मन असतं? मी लिहिलंय ते. ते काय मानतं आणि काय नाही, हे माणसं ठरवतात आणि मग त्याच्या आड लपतात.

आधी त्या म्हातारीला नवीन पेशंट दाखवून तिचा नंबर माझ्या फोनवरून घेतला. मागोमाग एक म्हातारा पुढे आला, त्याच्यासाठी तसंच करायला गेले तर स्क्रीनवर ओळ आली: या फोनवरून आज एकच नंबर मिळेल. कारण स्पष्ट लिहिलेलं, भाषा सोपी. नियमही माझाच, दलालांना रोखायला मीच घातलेला. तो म्हातारा माझ्याकडे बघत उभा होता आणि मला मान वर करवेना.

मॅनेजरला गाठलं. "मेरी खिड़की वाली स्क्रीन कहाँ गई?"

"वो तो हटवा दी. खिड़की रहेगी तो लोग ऐप पे आएँगे ही नहीं. आपके ऑफ़िस ने ही हटाई."

तिथूनच भैयाजींना फोन लावला. ते थंडपणे म्हणाले, "क्लायंट ने कहा, दूसरे लड़के से करवा दिया. तुम मना करतीं, इसलिए तुम्हें नहीं बताया."

हे ऐकून मी वाद घालायचं सोडलं. म्हातारीचा हात धरला आणि त्या दोघींबरोबर सरळ तपासणीच्या खोलीत गेले. इस्पितळ ज्यांचं, तेच मोठे डॉक्टर बसले होते. त्यांनी पट्टी काढली. डोळा लालभडक, पाणी गळत होतं. "दो दिन पहले क्यों नहीं आईं?" ते तिच्यावरच ओरडले.

"आई थीं," मी म्हणाले. "आपके दरवाज़े से लौटाई गईं." आणि सगळं सांगितलं. आवाज चढला होता, हिंदीत मधेच मराठी येत होतं, मला पर्वा नव्हती.

डॉक्टरांनी औषध घातलं, नवी पट्टी बांधली. मग म्हणाले, "मुझे तो बताया गया कि कटाई का मौसम है, इसलिए लोग नहीं आ रहे." मॅनेजरला बोलावून त्यांनी माझ्यासमोर प्लायवूड काढायला लावलं. म्हातारीचा डोळा वाचला, हे आठवड्यानं पुन्हा तपासणीच्या वेळी जाऊन विचारलं तेव्हा कळलं. खिडकी मात्र सकाळचे दोनच तास उघडते. दोन तास! जणू उपकारच.

ते काम माझ्याकडून काढून घेतलं गेलं. मी महिन्याभरात नोकरी सोडली. आता घरच्या मागच्या खोलीत बसून स्वतःची कामं घेते. पहिल्याच बैठकीत विचारते, ज्याच्याकडे फोन नाही त्याचं काय? परवा एका शाळेचे संचालक हसले. "ऐसे लोग अब हैं कहाँ, मैडम?" मी लॅपटॉप मिटला आणि उठून आले.

अशी दोन कामं आजवर सोडली. भैयाजी ओळखीच्यांना सांगतात म्हणे, लड़की तेज़ है, पर दिमाग़ की गरम. खरं तेच सांगतात. मला थंड व्हायचंच नाही.