झाकलेला हात

मी मुळातच संशयी माणूस. सेनगावच्या बाजारात भाजीवाल्याचा काटा आधी उचलून बघतो आणि मग वांगी निवडतो. त्यामुळे हिंगोलीच्या दवाखान्यात मंजुषा सिस्टर पहिल्यांदा दिसल्या तेव्हाच माझं डोकं फिरलं. हातात दुहेरी मोजे, अंगात झगा, तोंडाला मास्क. ज्या औषधाला ही बाई स्वतः हात लावत नाही, ते माझ्या बायकोच्या, मंजुळाच्या अंगात सोडणार?

मंजुळाच्या डाव्या छातीतली गाठ कॅन्सरची निघाली होती. तिसरा केमो होता. सिस्टर तिला चांगलं ओळखत होत्या, तरी नाव विचारलं. मग जान्हवी नावाच्या दुसऱ्या सिस्टरला बोलावून औषधाचं नाव आणि मात्रा मोठ्यानं वाचायला लावली. हिला स्वतःच्याच कामाची खात्री नाही की काय, असं मला वाटलं.

त्यात या वेळी उजव्या हातातल्या बांगड्या काढायला लावल्या. सुईच्या आजूबाजूची कातडी दिसली पाहिजे म्हणे. मी धडधाकट समोर बसलेला आणि बायकोचा हात रिकामा! माझा संताप संताप झाला. सिस्टर वळताच मी मंजुळाला हळूच दटावलं, ‘‘झाक तो हात.’’ तिनं पदर ओढून घेतला.

सिस्टर स्टुलावर बसल्या आणि लाल औषध थोडं थोडं ढकलू लागल्या. दर खेपेला थांबून विचारायच्या, जळजळ होते का? मंजुळा म्हणायची, ‘‘न्हाई, बराबर हाय.’’ सिस्टर पदर बाजूला करायच्या, मंजुळा पुन्हा ओढायची. तीनदा असं झालं. मला तर वाटलं, ही बाई मुद्दामच आमची लाज काढते आहे.

चौथ्यांदा सिस्टरनी पदर वर केला आणि हात जागीच थांबवला. सुईशेजारी फुगवटा आला होता, लालसर. औषध शिरेबाहेर झिरपत होतं. आरडाओरडा नाही, काही नाही. त्यांनी औषध बंद केलं, सुई तशीच ठेवून रिकाम्या सिरिंजनं निघेल तेवढं औषध परत ओढून घेतलं, जान्हवीला डॉक्टरांकडे धाडलं, बर्फाची पिशवी मागवली. लालीभोवती पेनानं रेघ मारली आणि मला म्हणाल्या, ‘‘मामा, लाली या रेघेबाहेर गेली तर लगेच या. हे औषध मांस जाळतं.’’

वसमतच्या या मंजुषा सिस्टरनी सात वर्षांपूर्वी एका पेशंट बाईच्या ‘बराबर हाय’वर विश्वास ठेवला होता. तिच्या हाताची बोटं पुन्हा कधी मिटली नाहीत. हे मला जान्हवीनं नंतर सांगितलं. तेव्हापासून त्या कुणाच्याच शब्दावर विसंबत नाहीत, स्वतःच्याही नाही. संशय कशासाठी करायचा असतो, हे मला या वयात कळलं.

‘‘मावशी, जळत होतं तर बोलल्या काहून नाहीत?’’ सिस्टरनी विचारलं.

मंजुळानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ‘‘बोलले असते तर हात उघडा करावा लागला असता. यांनी झाकून ठेव म्हणलं हुतं.’’

सिस्टरनी तिचा पदर खांद्यावर नीट सारला आणि बर्फाची पिशवी माझ्या हातात दिली. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

बारा दिवस मी सकाळ-संध्याकाळ ती रेघ बघत होतो. पुसट झाली की पेनानं पुन्हा गिरवत होतो. लाली आतच राहिली. त्याच हातानं मंजुळा पुन्हा भाकरी थापू लागली.

चौथ्या केमोला तिनं बांगड्या घरीच उतरवल्या. सिस्टर स्टुलावर बसल्या, तेव्हा मी तिच्या पदराचं टोक माझ्या मुठीत घट्ट धरून बसलो.