सेमीकोलनला थांबलेली गाडी

“सर, हा पेपर त्या मुलीनं लिहिलेलाच नाही. एआयनं लिहिलाय.”

पुण्याहून कॅम्पस इंटरव्ह्यूसाठी आलेल्या एचआरच्या साहेबांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. मी लोणखेड्याच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवतो. ज्या मुलीबद्दल ते बोलत होते, ती माझी विद्यार्थिनी रेखा दाराबाहेर बाकावर बसली होती.

काम होतं ग्राहकांच्या तक्रारींना ईमेलनं उत्तरं द्यायचं. लेखी परीक्षा आमच्याच लॅबमध्ये झाली होती. नेट बंद, मोबाइल बाहेर जमा. हे मी साहेबांना सांगितलं.

“पण एआय पकडणारं सॉफ्टवेअर लाल दाखवतंय ना. आणि एवढं बरोबर? सेमीकोलन हल्ली माणसं वापरतात का, सर?”

माझं डोकंच फिरलं. ते सेमीकोलन मीच शिकवले होते.

घरी अहिराणी बोलणाऱ्या पोरांना व्याख्या सांगून काही उपयोग नाही. म्हणून मी उदाहरणाला म्हसावदची एसटी घेतो. कॉमा म्हणजे कुणी हात दाखवला म्हणून थांबलेली गाडी. माणूस चढला की निघाली. फुलस्टॉप म्हणजे डेपो, इंजिन बंद. सेमीकोलन म्हणजे मधलं स्टँड. तिथवरचा प्रवास पुरा झालेला असतो, पण ड्रायव्हर इंजिन बंद करत नाही, कारण पुढचं गाव त्याच वाटेवर आहे. म्हणजे वाक्यं दोन, दोन्ही पूर्ण, पण विचार एकच. आणि कोलन ही कंडक्टरची आरोळी: ऐका, आता पुढे काय येतंय ते.

वर्ग हसला आणि विसरला. रेखानं मात्र ते धरून ठेवलं. कळसाडीहून रोज येताना ती म्हणे स्टँड आलं की मनात सेमीकोलन टाकायची. तिला ही नोकरी हवीच होती. तिचे वडील मला आधीच भेटून गेले होते. “सर, नोकरी लागनी ते जाऊ देसू. नही ते पाव्हनास्ले हो सांगी देसू.” स्थळ आलेलं होतं. पोरीला पुढे शिकायचं होतं, पुण्याला जायचं होतं.

“तिला आत बोलवा आणि विचारा,” मी साहेबांना म्हणालो.

रेखा आली. साहेबांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. इथे सेमीकोलन का, ते इंग्रजीत समजावून सांग म्हणाले.

लिहिताना तिचा हात कधी अडला नव्हता, पण इंग्रजी बोलणार कुठे आणि कुणाशी? माझा तासही अर्धा अहिराणीत चालतो. तिनं “बिकॉज” म्हणून सुरुवात केली आणि तिथेच अडकली. शेवटी ती माझ्याकडे वळून म्हणाली, “सर, गाडी बंद नही व्हयेल, चालूच शे. म्हनीसन.”

“कसली गाडी?” साहेब हसले.

मी समजावू लागलो. “सर, प्लीज. तुम्ही नका बोलू,” त्यांनी मला थांबवलं. रेखा बाहेर गेली ती थेट स्टँडवर. मी मागे जायला हवं होतं, पण काय सांगणार होतो तिला? बरोबर लिहिलंस म्हणून नोकरी गेली?

दोन पोरं निवडली गेली. त्यांच्या ईमेलात कॉमा नावालाही नव्हता. साहेबांना ते ओरिजिनल वाटलं.

प्राचार्यांनी संध्याकाळी मला केबिनमध्ये बोलावून चहा पाजला. “मनाला लावून घेऊ नका. पुढच्या बॅचला थोड्या चुका ठेवायला शिकवा,” ते म्हणाले. ते गंमत करत नव्हते. खोटं कशाला सांगू, मीही ते मनात टिपून ठेवलं.

कॉलेजची वार्षिक परीक्षा संपल्यावर रेखाचा व्हॉट्सॲपवर मेसेज आला. लग्नाचं आमंत्रण, इंग्रजीतच. तारीख, गाव, मांडव, सर नक्की या, मॅडमला आणा, सगळं एका दमात. एकही कॉमा नाही. शेवटी फुलस्टॉपसुद्धा नाही.

तो मेसेज वाचून साहेबांनी तिला लगेच नोकरीवर घेतलं असतं.