मांजरीची लाइन

जब्बारभाई आमच्या शेजारच्या ब्लॉकमध्ये एकटे राहत. येरवड्याच्या एका बियाणे कंपनीत ते बाहेरच्या अकरा शाखांचे संगणक सांभाळत. सांभाळत म्हणजे फोनवरून. शाखा पाहिल्या होत्या दोन.

१९९७ च्या फेब्रुवारीत मांजरीच्या शाखेनं त्यांना छळलं. तिथला कारकून बजरंग दुपारी विक्रीची माहिती टेलिफोनच्या तारेवरून मुख्य कचेरीत पाठवी. दोन दिवस सुरळीत जाई, तिसऱ्या दिवशी लाइन मध्येच तुटे. जब्बारभाई चौकशी करेपर्यंत सगळं ठीक. साहेब म्हणाले, "शनिवारपर्यंत दोष सापडला नाही, तर दुसरा माणूस बघू." जब्बारभाई त्रेपन्न वर्षांचे होते.

"काकू, रोजनिशीत तुम्ही वेळ कशी लिहिता?" त्यांनी मला विचारलं.

"घड्याळ बघून."

मिशनच्या शाळेत सिस्टरनी लावलेली माझी सवय. दूधवाला सहा बारा, पाणी गेलं सात चाळीस. त्यांनी बजरंगला तसंच लिहायला सांगितलं. चार दिवसांनी वही आली: "जेवणानंतर तुटलं. आज नाही. परत जेवणानंतर."

"जेवणाची तरी वेळ लिहायची," मी म्हटलं.

शुक्रवारी ते स्वतः बसनं मांजरीला गेले. संगणकाला हात न लावता तारेच्या मागं मागं चालत राहिले. तार भिंतीतून मागच्या खोलीत गेली होती. तिथं रखवालदाराची म्हातारी आई सोजरबाई बसलेली, शेजारी त्याच लाइनवरचा दुसरा फोन. तिनं रिसीव्हर उचलला, कानाला लावला, ठेवला. पुढून बजरंग म्हणाला, "गेलं."

"आजी, कुणाला लावायचा होता?"

"कुणाला न्हाई. धाकला कुवेतला हाय. फोन करतो म्हणला हुता. चालू हाय का बघते. कदी कदी आत नुसतं किंचाळतंय."

"कधी म्हणाला होता?"

"दिवाळीत."

ते किंचाळणं म्हणजे तारेवरून जाणारी बजरंगची माहिती. तिचं बघणं आणि बजरंगचं पाठवणं एकाच वेळी आलं, की लाइन तुटे. साहेबांनी फोनवरूनच सांगितलं, "तो फोन काढून टाका."

जब्बारभाईंनी काढला नाही. बाजारातून एक तांबडा दिवा आणला आणि बजरंगच्या माहिती पाठवायच्या बटणाला जोडून सोजरबाईच्या खोलीत लावला.

"हा लागला की उचलायचा नाही, आजी. लाइन चालू असते तेव्हाच हा लागतो."

"आन् तवाच पोराचा आला तर?"

"तेवढी दहा मिनिटं त्याचा फोन लागणार नाही. तो पुन्हा करील."

"करील," ती म्हणाली आणि दिव्याकडं बघत बसली.

लाइन पुन्हा तुटली नाही. नोकरी राहिली. बजरंगचे फोनही थांबले. तो वेळी-अवेळी जब्बारभाईंच्या घरीसुद्धा करायचा.

मार्चात मी वाटीभर शिरा घेऊन त्यांच्याकडे गेले. दार उघडंच होतं. जब्बारभाई रिसीव्हर कानाला लावून उभे होते. मला पाहून त्यांनी तो ठेवला.

"कुणाचा यायचाय?"

"कुणाचा नाही, काकू. चालू आहे का बघितलं."

मी वाटी ठेवली. आमचाही फोन चौदा दिवस वाजला नव्हता.