ह्यांचं बोलणं
सकाळच्या बातम्या लागल्या होत्या. चहा पांचट झालाय म्हणून हे माझ्यावर खेकसले. मी उलट बोलणार तेवढ्यात कप त्यांच्या हातातून सुटला. तोंड एका बाजूला वाकडं झालं होतं आणि उजवा हात मांडीवर नुसता पडला होता. बोलायला बघत होते, पण शब्द काही फुटेना.

आमच्या कोरेगावाकडं याला अंगावरून वारं गेलं म्हणतात. या शब्दानं आमच्यात किती माणसं अंथरुणाला खिळवली असतील, देव जाणे. वारं म्हटलं की लोक आधी खिडक्या लावतात. थोरले दीर धावत आले. त्यांनी पंखा बंद केला, दारं लोटली आणि भर उन्हाळ्यात ह्यांच्यावर घोंगडं टाकलं. म्हणाले, "गरम तेलानं चोळ. दुपारच्याला वाऱ्याचं औषध देणाऱ्याकडं नेऊ."

माझ्या आत्याला असंच दार लावून निजवलं होतं. ती परत कधी उठलीच नाही. माझं डोकं फिरलं. तोवर मी थोरल्या दिरांपुढं तोंड उघडलं नव्हतं. "आवं दादा, वारंबिरं काय न्हाई. डोक्यातली शीर तुंबलीया. गाडी काढा आधी," मी म्हटलं. त्यांना राग आला, पण गाडी काढली.

डोक्याचा फोटो निघतो अशा साताऱ्यातल्या दवाखान्यात थेट नेलं. डॉक्टरांनी पहिलं विचारलं, शेवटचं नीट कधी बोलले? "बातम्यांच्या वक्ताला माझ्या चहाला नावं ठेवली, तवा अगदी नीट व्हते," मी सांगितलं. डॉक्टरांनी घड्याळ बघितलं, लगेच डोक्याचा फोटो काढला आणि रक्ताची गाठ विरघळायचं इंजेक्शन दिलं. उशिरा आला असता तर हे देता आलं नसतं, म्हणाले. दीर बाकावर मान खाली घालून बसले होते.

लुळा पडलेला पाय सुधारला, हातही बराचसा. बोलणं मात्र येईना. फौजेत हुकूम सोडलेला माणूस, आणि तोंडात एकच शब्द उरला, "आयला". पाणी पाहिजे, आयला. पाहुणे आले, आयला. पाहुणे हसायचे आणि त्यांच्यादेखतच मला विचारायचे, "ह्यास्नी कळतं का गं काय?" सगळं कळत होतं. पुढं पुढं कोण आलं की हे भिंतीकडं तोंड करून पडायला लागले. ते मला बघवत नव्हतं. माझ्यावर ओरडले असते तरी चाललं असतं.

मुलगी सांगलीजवळ माधवनगरला दिली आहे. ती आम्हाला तिच्याकडं घेऊन गेली. सांगलीत अशा माणसांना बोलायला शिकवणाऱ्या एक बाई होत्या. त्या चित्रं दाखवायच्या. गाईला हे आयला म्हणायचे, सायकललाही आयला. बाई चिकाटीच्या. एके दिवशी गाईला गाय म्हणाले.

मग बाईंनी माझ्याकडं बोट केलं. "ह्या कोण? नाव सांगा."

मला हसूच आलं. "आवं बाई, धडधाकट व्हते तवाबी त्यांनी माझं नाव घेतलं न्हाई. 'अगं' आणि 'ऐकलं का', एवढ्यावर संसार झाला."

पण हे माझ्याकडं बघत होते. कपाळावर घाम आला. ओठ मिटले, उघडले, परत मिटले, आणि एक नाव स्पष्ट बाहेर पडलं.

"चुकलं," बाई म्हणाल्या. "परत प्रयत्न करू."

बाईंना माझं सासरचं नाव माहीत होतं. लग्नात ह्यांनीच ते ताटातल्या तांदळावर अंगठीनं लिहिलं होतं. आत्ता त्यांनी घेतलं ते माहेरचं. त्या नावानं मला हाक मारणारं आता कोणी उरलेलं नाही. ह्यांना ते आठवत असेल, असं मला कधी वाटलंसुद्धा नव्हतं.

मला रडू आवरेना.

"चुकलं न्हाई बाई, बरोबर हाय," मी म्हटलं. "परत म्हणायला सांगा त्यास्नी."