केशरी कोट

वहिनीची नजर तिखट आणि माझी जीभ तिखट. तरी एकाच छापखान्यात आम्ही दोघं टिकलो कसे, हे कोडं दादाला अजून सुटलेलं नाही. मी छपाईचं यंत्र चालवतो. ती मागच्या खोलीत बसते. मुलांच्या पुस्तकांसाठी आलेली, हाताने रंगवलेली चित्रं स्कॅन करायची आणि छापल्यावर रंग मूळ चित्रासारखेच येतील असं बघायचं, हे तिचं काम. खोलीच्या भिंती करड्या, दिवा पांढऱ्या उजेडाचा. भडक शर्ट घालून गेलं की ती दारातूनच परत पाठवते. शर्टाची झाक म्हणे कागदावर पडते. घरी मात्र स्वतः दोन रंगांचे मोजे घालून फिरते. टोकलं तर म्हणते, "घरी डोळ्यांना सुट्टी असते."

एका म्हाताऱ्या चित्रकाराचं पुस्तक आलं होतं. पानोपानी एक छोटी मुलगी केशरी कोट घालून हिंडत होती. ती त्यांची नात. त्यांची नजर मंदावत चालली होती आणि डॉक्टरांनी हात टेकले होते.

"हे माझं शेवटचं पुस्तक," ते वहिनीला म्हणाले. "मला दिसतंय तोवर छापून हातात द्या. पण कोट साधला नाही, तर पुस्तकच नको."

नेमका तो केशरी छपाईच्या निळ्या, लाल, पिवळ्या, काळ्या अशा चार शायांत बसेना. पिवळा वाढवला की कोट फिकट, लाल वाढवला की विटकरी. पहिल्याच चित्राचे नमुने काढून काढून मी मेटाकुटीला आलो.

"वहिनी, पोरीला दुसरा कोट शिवा आता," मी म्हटलं.

ती हसली नाही. मी पुढचा नमुना काढायला वळलो.

शेवटी तिने कोटाचा नाद सोडला आणि स्कॅनमध्ये त्याच्या भोवतीची भिंत, रस्ता, आभाळ थोडं थोडं मंद केलं. कोट एकदम उजळला. पण वहिनीचा चेहरा पडला. मूळ चित्राशी इमान राखण्यात तिचा जन्म गेलेला.

"मी त्यांचं आभाळ बिघडवलंय, भाऊजी. सांगूनच दाखवणार त्यांना."

तिने खरंच सगळं सांगितलं. चित्रकार छापील नमुन्याला नाक लावून कितीतरी वेळ बघत राहिले.

"आभाळ मळलंय," ते म्हणाले.

"हो."

"कोट मात्र दिसतोय."

मग मूळ चित्र काखेत मारून ते चालते झाले. ना होकार, ना नकार. वहिनीने त्या दिवशी डबा उघडलाच नाही. मला फार वाईट वाटलं तिचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते परत आले आणि त्यांनी चित्र टेबलावर ठेवलं. भिंतीवर, रस्त्यावर, आभाळावर करड्या रंगाचा पातळ हात फिरवलेला होता. नीट न दिसल्यामुळे कुठेकुठे तो रेषेबाहेर गेला होता. कोटाला मात्र कुठेही लागला नव्हता.

"तुमचं बरोबर होतं, बाई," ते म्हणाले. "आता जुळतंय का, बघा."

वहिनीने दोन्ही कागद दिव्याखाली शेजारी शेजारी ठेवले. वाकून बघितलं, चष्मा काढून पुसला, पुन्हा बघितलं.

"भाऊजी, जरा तुम्हीच बघा," ती म्हणाली. "मला आत्ता काही दिसत नाहीये."