तलवारीचा नैवेद्य

आमचं घर उज्जैनच्या माधव नगरातल्या आमच्या गल्लीच्या अगदी तोंडाशी आहे. त्याचा फायदा आजवर एवढाच झाला, की रिक्षावाल्याला फार पत्ता सांगावा लागत नाही. तोटे मात्र पुष्कळ. होळीची लाकडं आमच्या दारात पडतात, वराती आमच्या दारात थांबून नाचतात, आणि निवडणूक जवळ आली की सगळ्या पक्षांचा डोळा आमच्या भिंतीवर. पण त्या वर्षी नवरात्राच्या आधी भिंतीची मागणी आली ती पोस्टरसाठी नव्हती. संस्कृतीसाठी होती.

मागणारे होते आमच्या वॉर्डाचे होऊ घातलेले पार्षद, म्हणजे तुमच्याकडचे नगरसेवक. त्यांना सगळे भैयाजी म्हणतात. माणूस तसा कामाचा. नळाला पाणी आलं नाही की लोक आधी त्यांच्याकडे जातात, आणि पाणी येतंही. पण पाण्याला टाळ्या पडत नाहीत, हे त्यांच्या लवकर लक्षात आलं असावं. म्हणून त्यांनी संस्कृती हातात घेतली. प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी एक फलक लावायचा: ‘सात्त्विक गली. मांस, मछली, अंडा वर्जित.’ खाली हात जोडलेला त्यांचा फोटो, तोही अक्षरांपेक्षा मोठा. पहिला फलक नवमीच्या सकाळी आमच्या भिंतीवर लागणार होता.

अडचण एवढीच होती, की आमच्या गल्लीत मांस शिजवणारं घर एकच, आणि ते आमचं.

मी स्वतः खात नाही. मी इंदूरच्या ज्या घरातली आहे तिथे चातुर्मासात कांद्यालाही बंदी असायची. मराठ्यांच्या घरात मी माझ्या मर्जीनं लग्न केलं, तेव्हा आईनं ‘आपली संस्कृती काय, त्यांची काय’ एवढं म्हणून माळ जपायला घेतली. पुढे कित्येक वर्षं ती उज्जैनला माझ्याकडे यायची ती पाण्याची बाटली घेऊन. व्हरांड्यातल्या खुर्चीवर बसायची, आपलं पाणी प्यायची, आपल्या डब्यातला लाडू खायची आणि संध्याकाळच्या बसनं परत जायची. मला तेव्हा तिचा भयंकर राग यायचा. सासूबाईंना मुळीच यायचा नाही. त्या म्हणायच्या, “येऊन तर राहिली ना मुलीला भेटायला? बाटलीसकट का होईना.”

सासूबाई काही फार उदार आहेत असंही नाही. लग्न होऊन आले त्या आठवड्यातच त्यांनी मला वेगळा स्टोव्ह घेऊन दिला होता. मला वाटलं, माझ्या शाकाहाराची किती कदर. तर म्हणाल्या, “तुझं वरण माझ्या रश्श्याच्या शेजारी नको. आणि रस्सा उकळत असला की तू इथे उभी राहू नको. तुझं तोंड बघून त्याची चव जाते.” सोमवारी आणि गुरुवारी त्यांच्या स्वयंपाकघरात अंडं फुटत नाही, आणि नवरात्रात तर आठ दिवस भगर आणि ताकावर असतात. नवमीला मात्र त्या पहाटे उठून, न्हाऊन, ओल्या केसांनी मटणाचा रस्सा करतात. तो नैवेद्य असतो. देवघराखालच्या फडताळात लाल कापडात गुंडाळलेली एक तलवार आहे, तिचा.

या तलवारीबद्दल सांगायलाच हवं. सासरे सांगत, की आमचे मूळ पुरुष दरबाराबरोबर दक्षिणेतून माळव्यात आले ते सरदार म्हणून, आणि ही त्यांची तलवार. बँकेतून रिटायर झाल्यावर त्यांना सांगायला वेळही भरपूर मिळाला. टॉवर चौकात संध्याकाळी पोह्याच्या गाडीपाशी त्यांचा अड्डा जमतो. तिथे त्या सरदारानं इतक्या लढाया मारल्या आहेत, की एवढ्या माळव्यात झाल्या तरी असतील का, अशी मला शंका आहे. पाहुण्यांना ते दसऱ्याला ती उघडून दाखवत. वीतभर रुंद पातं, हातभरसुद्धा लांबी नाही, आणि मूठ साध्या लाकडाची. कोणी विचारलंच, की एवढी आखूड कशी, तर सासरे म्हणत, “लढाईत तुटली.” आतून सासूबाई हळूच म्हणत, “लढाई कोणाशी? बोकडाशी.”

कारण घरातल्या सगळ्यांना खरं माहीत होतं. तो मटणाचा सुरा होता. मूळ पुरुष दरबाराच्या मुदपाकखान्यात, म्हणजे राजवाड्याच्या स्वयंपाकघरात आचारी होते. सासूबाईंना हे त्यांच्या सासूनं सांगितलं होतं, तिला तिच्या सासूनं. खंडेनवमीला ज्यानं त्यानं आपापलं हत्यार पुजायचं असतं, त्यात आचाऱ्यानं सुरा पुजला यात लाजण्यासारखं काय आहे, असं मला नेहमी वाटे. पण सासऱ्यांना सरदार हवा होता आणि तो कोणी त्यांच्याकडून काढून घेत नव्हतं. सासूबाई चिडवत तेही घरातल्या घरात. चारचौघांत त्यांनी कधी एक शब्द काढला नाही.

भैयाजी आले ते पेढे घेऊन. सासऱ्यांच्या पाया पडले आणि म्हणाले, “बाबूजी, आपका तो सरदार खानदान है. नवमी को चल समारोह में सबसे आगे आप, हाथ में पुरखों की तलवार. संस्कृति की रक्षा आप लोग नहीं करेंगे तो कौन करेगा?” मिरवणुकीचं ठरल्यावर जाता जाता भिंतीचा विषय काढला. सासऱ्यांनी दोन्हीला हो म्हटलं. मला वाटतं, भिंतीचं त्यांना नीट ऐकूच गेलं नाही. ते तोवर फेटा कुठला बांधायचा या विचारात होते.

रात्री जेवताना सासूबाईंनी विचारलं, “अहो, फलक लागला की नवमीचा नैवेद्य कुठे करायचा?”

सासरे ताटाकडे बघत म्हणाले, “या वर्षी कोहळा कापू. शास्त्रात चालतो.”

“या वर्षी की आता नेहमीच?”

ते भात कालवत राहिले. सासूबाई ताक न घेता उठल्या. त्यांचे गुडघे दुखतात, डोळ्याचं ऑपरेशन झालंय, आणि वर्षभर डॉक्टरनं सांगितलेलं बेचव जेवण त्या मुकाट्यानं जेवतात. नवमीचा तो एक रस्सा त्यांचा स्वतःचा आहे. लग्न होऊन आल्यापासून तो कधी चुकला नव्हता. मला फार वाईट वाटलं, आणि मला वाईट वाटलं की राग येतो.

दुसऱ्या दिवशी मी सासऱ्यांना चहाबरोबरच गाठलं. ते म्हणाले, “शेजाऱ्यांच्या भावनांचा विचार करायला हवा. ही त्यांची संस्कृती आहे.”

मी म्हटलं, “बाबा, शेजारी इतकी वर्षं वास घेत आलेत. त्यांच्या भावना यंदाच कशा जाग्या झाल्या?”

“तुझी आई नाही का, बाटली घेऊन यायची? तेव्हा तिची संस्कृती म्हणून आम्ही चालवून घेतलंच ना?”

हे मात्र वर्मी लागलं. दिवसभर मी त्याचाच विचार करत होते. दुसऱ्याचं सहन न होणं हीसुद्धा संस्कृती असेल, तर माझ्या आईइतकी सुसंस्कृत बाई माळव्यात सापडणार नाही. पण संध्याकाळी मला उत्तर सापडलं आणि मी तडक व्हरांड्यात गेले. म्हटलं, “बाबा, आईचा नियम तिच्या पिशवीत असायचा. येताना घेऊन यायची, जाताना घेऊन जायची. तिनं कधी तुमच्या भिंतीला खिळा ठोकला नाही.” ते म्हणाले, “चहा ठेव.”

आणि हे कुठल्या गावात, तर जिथे काळभैरवाला दारूचा नैवेद्य लागतो आणि लोक तो हात जोडून प्रसाद म्हणून घेतात. तिथे फलक लावायला जा म्हणावं.

अष्टमीला सासूबाईंनी मला बोलावून हळूच सांगितलं, “तू स्कूटर काढ.” भैयाजींच्या विनंतीवरून मटणाची दुकानं नऊ दिवस बंद होती. विनंती अशी, की नाही म्हणायची कोणाची हिंमत नव्हती. आमचे नेहमीचे खाटीकचाचा आपल्या बंद शटरसमोर खुर्ची टाकून नुसते बसले होते. ऐन हंगामात धंद्याचा माणूस असा बसलेला बघून मला शरम वाटली, तरी ती शरम माझी नव्हती. मला बघताच म्हणाले, “कल नवमी है ना? दुकान बंद है बहूजी, घर थोड़ी बंद है. सुबह आ जाना.” दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी मटण दिलं ते मिठाईच्या खोक्यात घालून, वर दोरा बांधून. मी, जिनं जन्मात मटणाला हात लावला नाही, ते खोकं स्कूटरच्या हँडलला लावून उजळ माथ्यानं टॉवर चौकातून घरी आले. वाटेत दोन ओळखीच्यांनी विचारलं, “काय, पेढे?” मी हो म्हटलं.

नऊच्या सुमाराला ढोल वाजत आले. गल्ली भरली. फलक, शिडी, ड्रिल मशीन, मोबाइल धरलेली माणसं. सासरे झब्बा आणि फेटा घालून दारात उभे. आणि आत सासूबाईंनी पातेल्यावरचं झाकण काढलं.

वास कसा सुटला ते मी शाकाहारी माणूस काय सांगणार. पण ढोलवाला वाजवायचा थांबला. भैयाजींनी इकडेतिकडे बघितलं. हसू तसंच ठेवून म्हणाले, “बाबूजी, तलवार?”

सासूबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. “घेऊन जा ना, भैया. पण आमची एक रीत आहे. आज तिला नैवेद्य दाखवल्याबिगर हलवत नाही. आणि जो उचलेल त्यानं आधी तिथेच बसून प्रसाद खायचा.” मग सगळ्यांना कळावं म्हणून हिंदीत सांगितलं, “मटन का है.”

भैयाजी अडकले. खावं तर फलक हातात, न खावं तर देवाच्या प्रसादाला भर नवरात्रात नाही म्हटल्यासारखं, आणि मोबाइल चालू. ते म्हणाले, “काकी, इस बार हलवे का भोग लगा दीजिए. तलवार तो तलवार है, उसको क्या पता.”

सगळे सासऱ्यांकडे बघायला लागले. मीही. ते फेट्यात छान दिसत होते, आणि मला तेव्हाच वाटलं की हे आता हलवा म्हणणार. एका शब्दाचं काम होतं. मागे सासूबाई उभ्या होत्या, हातात पळी. त्यांच्याकडे सासऱ्यांनी एकदा बघितलं. मग फेटा काढून काखेत धरला.

“भैयाजी,” ते म्हणाले, “ये तलवार है ही नहीं. मटन काटने का छुरा है. हमारे पुरखे दरबार की रसोई में थे. मैं झूठ बोलता था.” “इसका भोग यही है. मेरी घरवाली ने उमर भर बनाया है. दीवार पर बोर्ड नहीं लगेगा.”

पोह्याच्या गाडीचे त्यांचे सगळे मित्र गर्दीत होते. कोणीतरी फस्सकन हसलं. सासरे तसेच उभे राहिले, आणि मला त्यांचा इतका अभिमान वाटला, की मी तिथेच रडले.

भैयाजी काही कच्चे नाहीत. लगेच म्हणाले, “बाबूजी ने सच बोला, यही तो हमारी संस्कृति है,” आणि स्वतःच टाळ्या वाजवल्या. लोकांनीही वाजवल्या. फलक दोन घरं सोडून एका भिंतीवर लागला. अजून आहे. त्यावर लिहिल्याप्रमाणे आम्ही वर्ज्य आहोत आणि तिथेच राहतो. आमच्या भिंतीला ड्रिलचं एक भोक तेवढं पडलं होतं. त्यात आता माझा मनीप्लांट टांगलेला आहे.

ढोल गेल्यावर सासूबाईंनी सुऱ्याला नैवेद्य दाखवला आणि सासऱ्यांना पान वाढलं. दर वर्षी वाढताना त्या म्हणत, “बसा सरदार.” त्या दिवशी काही म्हणाल्या नाहीत. नुसत्या समोर बसून राहिल्या आणि भाकरी संपायच्या आत दुसरी टाकत गेल्या. सासरे दोन वाट्या रस्सा प्यायले. संध्याकाळी टॉवर चौकात मात्र गेले नाहीत. म्हणाले, पाय दुखतो.

दसऱ्याला आपट्याची पानं द्यायला गल्लीतले लोक आले. समोरच्या काकीही आल्या. त्या पक्क्या वैष्णव, कांदाही न खाणाऱ्या, पण स्वभावानं गमत्या. सोनं देऊन झाल्यावर त्यांनी विचारलंच, “क्यों बहनजी, तो वो तलवार नहीं, चाकू निकला? बाबूजी के सरदार तो रसोइये निकले.”

सासरे पेपरमागे होते. पेपर हलला नाही.

सासूबाईंनी काकींच्या हातावर पेढा ठेवला आणि ठणकावून म्हणाल्या, “चाकू होगा तुम्हारे घर में. इनके पुरखे सरदार थे. इतकी वर्षं मी या घरात आहे, मला पता नसेल?”