स्पार्टाच्या उंबऱ्यावरचा तांब्या

अमरावतीहून कापसाच्या गाड्या आल्या, त्यातल्या एका गाडीवानानं बैल सोडता सोडता सांगितलं, "मास्तर, आपले दौलतराव गेले." त्याला आता महिना उलटला. पण संध्याकाळी शाळेतून खोलीकडे वळलो की पाय अजूनही भरभर पडतात, आणि दार दिसलं की मंदावतात...

दौलतराव मूळचे तिवशाकडचे शेतकरी. तिकडे अमेरिकेत लढाई पेटली, इकडे कापसाला सोन्याचा भाव आला आणि अख्खा वऱ्हाड अकोल्याच्या बाजाराकडे धावला. त्यात हेही आले आणि इथंच एका व्यापाऱ्याकडे कापूस तोलायला राहिले. बाजारामागच्या एका खोलीत आम्ही दोघे सडेफटिंग राहायचो. पूर्वी अमरावतीच्या छावणीत ते एका साहेबाकडे चाकरीला होते. तो साहेब मोडक्यातोडक्या हिंदुस्थानीत जुन्या ग्रीस देशातल्या राजांच्या हकिगती सांगायचा. तेवढ्या भांडवलावर या गृहस्थांनी स्वतःचा एक राजा उभा केला... स्पार्टाचा लिकास. दुपारी तोलासाठी खोळंबलेले गाडीवान भोवती बसायचे आणि काट्याशेजारी ढाली-भाल्यांची खणाखणी सुरू व्हायची. लढाईच्या आदल्या दिवशी लिकासचे वीर ज्वारीची भाकरी आणि ठेचा बांधून घ्यायचे. मी हसलो की दौलतराव म्हणायचे, "उपाशी लढन का कोनी?" ही गोष्ट मी लिहून काढत होतो. तिचं पुस्तक व्हावं, ही आम्हा दोघांचीही हौस होती.

त्या गोष्टीत लिकासची राणी रोज दिवेलागणीला उंबऱ्यावर पाण्याचा तांब्या ठेवते. नवरा कधीही परतेल, त्याला पाय धुवायला पाणी हवं. मी शेवटी चिडलो. म्हटलं, "दौलतराव, ग्रीसची राणी आहे ती. आपल्या वऱ्हाडातली बाई नव्हे. तिथं कुठला आला तांब्या?"

"काहून? त्याचे पाय मळत नसतीन?"

तांब्या राहिला. पण राजा काही घरी येईना. एक लढाई संपली की दुसरी. गाडीवानसुद्धा कुरकुरू लागले. मी पिच्छाच पुरवला, तेव्हा एकदा कापसाच्या ढिगाला टेकून ते सांगू लागले. तेजीच्या पहिल्याच हंगामात ते बायकोला "येतो" म्हणून गाड्या घेऊन निघाले होते. मागं गावात पटकीची साथ आली. "घरी गेलो तं उंबरा कोरडा होता, मास्तर. आता लिकासले घरात नेऊ कसा? घरी आल्यावर काय होते, थे मले माहीतच नाही." त्यानंतर मी हा विषय काढला नाही.

मग ते तापानं खंगले आणि अमरावतीला बहिणीकडे गेले. मी भेटायला गेलो तेव्हा खाटेवर उरलं होतं ते नुसतं हाडांचं माणूस. मला पाहून हसले. म्हणाले, "लिकास दारापर्यंत आला मास्तर. पुढचं तुमीच पाहा. त्याले बाहेर नोका ठेवू." मी "बरं" म्हटलं आणि निघताना "येतो" म्हटलं. "या," म्हणाले.

गेल्या आठवड्यात मी शेवट लिहिला. राणीला मी जिवंत ठेवलं. तांब्या उंबऱ्यावर आहे, लिकास पाय धुतो आहे, आणि राणी आतून एवढंच विचारते, "आले का?" ग्रीसची राणी असं विचारत नसेल. पण मला दुसरं सुचलंच नाही, कारण इतकी वर्षं दौलतराव मला तेच विचारत आले. मी शाळेतून पायभर काळी माती घेऊन यायचो. उंबऱ्यावर भरलेला तांब्या असायचा आणि आतून आवाज यायचा, "आले का मास्तर?"

एकटं वाटतं. खूप वाटतं. आता सकाळी निघताना मीच तांब्या भरून उंबऱ्यावर ठेवतो आणि रिकाम्या खोलीला "येतो" म्हणतो. संध्याकाळपर्यंत पाणी उन्हानं कोमट झालेलं असतं. त्यानंच पाय धुतो, जरा थांबतो, आणि मग आत जातो.